पुन्हा एकदा सिद्ध करा

बँकेच्या नोकरीत असताना नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या शाखेच्या दारात सकाळी आठपासून रांग लागत असे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाने त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा, असा नियम. आपण जिवंत आहोत, हे वर्षातून एकदा सही करून सांगायचे. धडधाकट माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. चार जुने सहकारी भेटतात, चहा होतो, दाखलाही होतो.

एका वर्षी त्या रांगेत चाळिशीचे एक गृहस्थ होते. लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पायांतले बळ गेलेले. वडील शासकीय नोकरीत होते. त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन या मुलाला मिळत होते. शाखेला पाच पायऱ्या होत्या, उतार नव्हता. त्यांनी चपला हातांत चढवल्या आणि हातांवर अंग तोलत त्या पाचही पायऱ्या ते चढून आले. मी आत टेबलाशी बसलो होतो. पाच पायऱ्या मी उतरलो असतो तर सही बाहेरच झाली असती; पण ते मला सुचले नाही. उलट हयातीच्या दाखल्याबरोबर मी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही पुन्हा मागितले. ते म्हणाले, "साहेब, गेल्या वर्षी दिलं होतं. पाय तेच आहेत."

मी म्हणालो, "नियम आहे."

पुढे कधीतरी परिपत्रकांची फाईल नीट वाचली, तेव्हा ध्यानात आले की कायमस्वरूपी दिव्यांगत्व असेल तर प्रमाणपत्र एकदाच पुरेसे असते. ते दरवर्षी मागण्याचा नियम नव्हताच. तोवर माझी बदली झाली होती. त्या गृहस्थांची क्षमा मागायची राहून गेली. हा लेख लिहिताना ती गोष्ट माझ्या मनात आहे, म्हणून आरंभीच सांगून टाकली.

गाळ्यातले प्रश्न

निवृत्तीनंतर आमच्या एका नातलगांच्या रिकाम्या गाळ्यात मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन तास बसतो. कोणाचा अर्ज भरून दे, कोणाला खात्याची अडचण समजावून सांग, असे किरकोळ काम. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे येणाऱ्यांत दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या मातांची संख्या वाढली आहे. रक्कम किती वाढणार, असे त्यांच्यातले फार थोडे विचारतात. बहुतेकांचा प्रश्न असतो, "साहेब, आता नवीन काय आलंय? आमचं बंद तर नाही ना होणार?"

पैसे वाढत असताना ही भीती का असावी, असे वाचकांना वाटेल. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना दरमहा १,५०० रुपये मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांत १,००० रुपयांची वाढ करून ते २,५०० केले. ही वाढ स्वागतार्हच आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत मात्र केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवरच थांबलेला आहे. तोही ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीसाठी. ही रक्कम वाढवावी, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने वारंवार केलेली आहे.

म्हणजे रक्कम कुठे वाढली, कुठे गोठली. परंतु माझ्यासमोर बसणाऱ्यांची चिंता रकमेपाशी संपत नाही. रक्कम हाती येण्याच्या वाटेवरचे कागद, ठसे, क्रमांक आणि तारखा सतत बदलत राहतात, ही त्यांची खरी चिंता आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी ज्याच्या अंगी सर्वांत कमी बळ, त्यानेच पुन्हा सिद्ध करायचे असते.

हा हक्क आहे

दिव्यांगांना मिळते ती सवलत म्हणजे सरकारची मेहेरबानी, असा समज आपल्याकडे आहे. वस्तुतः दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते; नव्या कायद्यात ते एकवीस झाले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती प्रमुख लाभांना पात्र ठरते. या कायद्याच्या चोविसाव्या कलमात सामाजिक सुरक्षेचे कर्तव्य शासनावर घातलेले आहे, आणि इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के अधिक साहाय्य मिळावे, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. कारण साधे आहे. ज्या कामाला आपल्याला दहा रुपयांची रिक्षा लागते, त्याच कामाला चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला स्वतंत्र वाहन आणि सोबत एक माणूस लागतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार एकट्या महाराष्ट्रात. ती गणना जुन्या, कमी प्रकारांच्या व्याख्येने झालेली होती, हे ध्यानात घ्यावे.

बदल कोणते झाले?

पहिला बदल ओळखपत्राचा. पूर्वी जिल्हा रुग्णालयाचे कागदी प्रमाणपत्र चालत असे. आता युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, हेच आधारभूत मानले जाते. केंद्राच्या योजनांसाठी त्याचा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ओळखपत्रांना रंगांच्या पट्ट्या आल्या: ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ८० टक्क्यांना पिवळी, ८० टक्के वा अधिक असल्यास निळी. प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली, आणि दोन वर्षांत निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होऊन तो नव्याने करावा लागेल, अशी तरतूद झाली. विलंब कार्यालयाचा असला तरी पुन्हा हेलपाटे अर्जदारालाच, अशी दिव्यांगांची तक्रार आहे. ती रास्त वाटते.

दुसरा बदल मोजमापाचा. दिव्यांगत्वाची टक्केवारी कशी ठरवायची, याची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२४ मध्ये सुधारण्यात आली. शास्त्र पुढे जाते तसे मोजमापही सुधारावे, हे मान्य. पण ४० आणि ८० या दोन आकड्यांवर सारे अवलंबून असते. ४२ टक्क्यांचा माणूस फेरतपासणीत ३८ टक्के ठरला, तर त्याचा लाभ चार टक्क्यांनी कमी होत नाही, पूर्णच जातो. त्यामुळे फेरतपासणीचे पत्र आले की घरात कोणाला झोप लागत नाही.

तिसरा बदल पडताळणीचा. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. पुढच्या वर्षी आपल्या राज्यात दिव्यांग म्हणून लाभ घेणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. खोटी प्रमाणपत्रे देणारे आणि घेणारे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. खऱ्या दिव्यांगाची जागा ते पळवतात. कायद्याने त्यांना दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परंतु चोराच्या मागे धावताना वाटेतल्या प्रत्येकाचे खिसे तपासले गेले की निरपराध माणूसही मान खाली घालून चालू लागतो. गाळ्यात येणाऱ्या एका शिक्षकांना कमी ऐकू येते. ते सांगत होते, "हल्ली शाळेत मी यंत्र लावूनच बसतो. काढून ठेवलं आणि कोणाची हाक ऐकू आली, तर लोक म्हणतील, बघा, ऐकू येतंय की."

चौथा बदल पैसे पोहोचण्याच्या मार्गाचा. निराधार योजनेचे अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. मधले हात गेले, हा मोठा लाभ आहे. पण या वाटेवर एक खळगा आहे, तो बँकवाल्याखेरीज सहसा कोणाला दिसत नाही.

सात महिन्यांचे पैसे

मागच्या पावसाळ्यात एक विधवा भगिनी गाळ्यात आल्या. त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणावर. सात महिने अनुदान आले नव्हते. कार्यालयात सांगत होते, पैसे पाठवले; बँकेत सांगत होते, आले नाहीत. दोघेही खरे बोलत होते.

खात्याला आधार क्रमांक जोडणे ही एक गोष्ट, आणि शासकीय अनुदान नेमके कोणत्या खात्यात जावे याची राष्ट्रीय देयक महामंडळाकडे होणारी नोंद ही दुसरी गोष्ट. ती नोंद एका वेळी एकाच खात्याची असते. मागे एका शिबिरात कोणीतरी या मुलाचे दुसऱ्या बँकेत शून्य शिलकेचे खाते उघडून दिले होते. नोंद त्या खात्याकडे वळली आणि सातही महिन्यांचे पैसे तिकडे साठत राहिले. ते खाते काढायला गेले तर अंगठा हवा. मुलाच्या मुठी घट्ट आवळलेल्या. यंत्रावर बोट टेकेना. मातोश्रींनी मला सांगितले, "बोटं सरळ करताना तो किंचाळला, भाऊ. मी म्हटलं, राहू द्या पैसे."

ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी आधारच्या नोंदणीतच अपवादाची तरतूद आहे. तसेच सत्तरीपुढील ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना बँकेच्या मूलभूत सेवा घरपोच मिळाव्यात, असे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी काढलेले आहे. आम्ही लेखी अर्ज दिला, परिपत्रकाची तारीख लिहिली. चार दिवसांनी शाखेतील एक तरुण अधिकारी त्यांच्या घरी गेले. काम वीस मिनिटांत झाले. नियम होताच, तो त्या माउलीपर्यंत पोहोचलेला नव्हता, इतकेच.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल महत्त्वाचा आहे. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना, डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नाही म्हणून खाते उघडताना अडचण आली होती. त्यांच्या आणि दृष्टिहीन विधिज्ञ अमर जैन यांच्या याचिकांवर न्यायालयाने सांगितले, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि ओळख पडताळणीची पद्धत दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. तक्रार करणाऱ्याला आपण कटकट्या म्हणतो; त्या कटकटीतूनच पुढच्यांची वाट मोकळी होते.

व्यापारी घरांचा प्रश्न

"हे सर्व गरिबांचे झाले, आपला काय संबंध?" असे काही वाचक म्हणतील. संबंध आहे. आयकरात दिव्यांग अवलंबिताच्या पालनपोषणासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. कलम ८०डीडी म्हणून ती परिचित आहे. करदाता स्वतः दिव्यांग असल्यास तेवढीच वजावट ८०यू खाली. प्रत्यक्ष खर्च किती झाला, यावर ही रक्कम अवलंबून नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

पण या वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली ही मूळ प्रणाली ठरली आहे. काहीच निवडले नाही तर कर नव्या प्रणालीने आकारला जातो आणि दिव्यांग मुलासाठीची वजावट निघून जाते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला १,२५,००० च्या वजावटीचे मोल उपकरासह ३९,००० रुपये होते, आणि ७५,००० च्या वजावटीचे २३,४००. नव्या प्रणालीचे दर कमी असल्याने पुष्कळांना तरीही तीच लाभाची पडेल. २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर तिथे करच उरत नाही. तेव्हा दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत. मात्र नोकरदाराला दरवर्षी निवड बदलता येते, व्यावसायिकाला तशी मुभा नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणारा एकदा जुनी प्रणाली स्वीकारून नवीकडे परतला, की व्यवसाय चालू असेतो त्याला पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. आपल्या कर सल्लागारांना घरात दिव्यांग व्यक्ती आहे हे ठाऊक आहे का, एवढे तरी प्रत्येकाने विचारून घ्यावे. अनेक घरांत ते सांगितलेलेच नसते.

एक आशादायक उदाहरणही द्यायला हवे. याच कलमाखाली मुलाच्या नावे विमा योजनेत पैसे भरले, तर पालकाच्या मृत्यूनंतरच ते मुलाला मिळावेत, अशी अट होती. म्हणजे पालक जिवंत असेतो गरज पडली तरी पैसा बंद. रवी अग्रवाल यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही, पण सरकारने फेरविचार करावा असे सुचवले. आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात, पालकाने साठ वर्षे पूर्ण केल्यानंतर त्याच्या हयातीतही मुलाला रक्कम मिळण्याची सोय झाली. बदल म्हटला की तो वाईटच असतो, असे नाही. ज्यांच्यासाठी तो करायचा त्यांना आधी विचारले, तर तो असा होतो.

आमच्या घरची गोष्ट

माझ्या थोरल्या बंधूंची धान्याची आडत होती. त्यांचा धाकटा मुलगा जन्मतः बौद्धिक दिव्यांग. आज तो चौतीस वर्षांचा आहे. दुकानात पोती मोजणे हे त्याचे काम. अक्षरओळख नाही, पण खडूने भिंतीवर पाच-पाच रेघांचे जुडगे ओढत जातो, आणि त्याचा आकडा चुकलेला मला आठवत नाही. दादांनी त्याचे प्रमाणपत्र कधी काढले नाही. मी बँकेतला माणूस, दोन-तीनदा सुचवून पाहिले. ते म्हणाले, "सरकारचे पैसे घेऊन आपल्याला काय करायचे? शिवाय मोठीचे लग्न व्हायचे आहे. कागदावर आले की चार ठिकाणी होते." मी गप्प बसलो.

२०२१ मध्ये दादा गेले. घर आणि गोदाम हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे. वाटणीची वेळ आली तेव्हा पुतण्याच्या हिश्शासाठी सही कोणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. आणि त्यासाठी पहिला कागद दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. जे काम सात वर्षांच्या मुलासाठी सहज झाले असते, ते तिशीतल्या पुरुषासाठी करावे लागले.

तपासणीच्या आदल्या रात्री भाभी त्याला समजावत होत्या, "डॉक्टरांनी विचारलं तर येत नाही म्हण." ज्या आईने तीस वर्षे त्याला 'तुला येतं, करून बघ' म्हणून शिकवले, तिच्यावर असे सांगायची पाळी आली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेजावर नाणी ठेवून विचारले, किती? त्याने पाच-पाचचे ढीग लावले आणि बरोबर उत्तर दिले. भाभींनी पदर डोळ्यांना लावला. परतताना गाडीत तो मला म्हणाला, "काका, मला आलं ना मोजता? मग आई का रडते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टर समंजस होते. नाणी मोजता येणे म्हणजे आयुष्य एकट्याने निभावता येणे नव्हे, हे त्यांना कळत होते. प्रमाणपत्र ५० टक्क्यांचे मिळाले. पालकत्वाचे कामही यथावकाश झाले. भाभी ते ओळखपत्र तिजोरीत, दिवाळीच्या चोपड्यांशेजारी ठेवतात. वर्तमानपत्रात दिव्यांगांविषयी काही छापून आले की मला फोन करतात, "भाईजी, नवीन काही आलंय का? याला पुन्हा तिथं न्यावं लागेल का?"

सात महिने अनुदान न मिळालेल्या त्या भगिनींचा आणि आमच्या भाभींचा प्रश्न शब्दशः एकच आहे. एकीला २,५०० रुपये हवेत, दुसरीला नकोत. पण आपल्या मुलाची असमर्थता परक्यासमोर पुन्हा मांडावी लागण्याची भीती दोन्ही घरांत सारखीच आहे.

मागणे काय आहे?

बँकेत एखाद्या खात्याची तपासणी निघाली, म्हणून ठेवीदाराची सारी ठेव आम्ही गोठवून टाकत नसू. आधी पत्र जाई, खुलासा मागवला जाई, आणि संशयाला आधार सापडला तरच पुढचे पाऊल. दिव्यांगांचे मागणे याहून वेगळे नाही. तपासणी करा, पण ती पूर्ण होईपर्यंत चालू लाभ थांबवू नका. जे दिव्यांगत्व बदलणारच नाही त्याची फेरतपासणी वारंवार नको. जो घराबाहेर पडू शकत नाही, त्याच्याकडे तपासणारा माणूस जावा. नियम बदलायचा तर आधी त्यांना विचारावे, आणि बदलला तर त्यांना समजेल अशा भाषेत कळवावे. यांतील एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही.

आपण काय करू शकतो?

आपला समाज दिव्यांगांसाठी देण्यात कधी मागे राहिलेला नाही. श्री. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने जयपूर फूट देशोदेशी पोहोचवला. आपल्या गावोगावच्या शिबिरांतून कृत्रिम पाय आणि तीनचाकी सायकली दिल्या जातात. ते कार्य मोठेच आहे. आता त्याला कागदाच्या कामाची जोड हवी, कारण पाय मिळालेला माणूसही कार्यालयाच्या खिडकीशी अडतो.

घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर पुढील गोष्टी आजच कराव्यात. युडीआयडी ओळखपत्र काढावे. संकोच करू नये, आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. टक्केवारी चुकीची वाटल्यास कायद्यात अपिलाची सोय आहे, ते करावे. मूळ कागदांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. अनुदान घेणाऱ्यांनी, ते कोणत्या खात्याकडे नोंदले आहे, हे बँकेत विचारून घ्यावे. मूल बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित किंवा बहुदिव्यांग असेल, तर अठरा वर्षे पूर्ण होताच पालकत्वाचा अर्ज करावा; आपण आहोत तोवर हे काम आपल्या हातचे आहे. आणि दिव्यांग व्यक्ती स्वतः बोलू शकत असेल, तर तिच्या वतीने आपण बोलू नये; शेजारी बसावे.

ज्यांच्या घरी हा प्रश्न नाही, त्यांच्याकडे दुकानातले कारकून आहेत, संगणक आहे, हिशेब कळणारी मुले-सुना आहेत. आठवड्यातले दोन तास कोणाचा तरी अर्ज भरून देण्यासाठी काढले, तर तेही दानच होय.

मी ज्या गाळ्यात बसतो त्याला एकच पायरी होती. गेल्या दिवाळीत गवंड्याला बोलावून ती फोडली आणि उतार करून घेतला. मजुरीसह ४,२०० रुपये लागले, दीड दिवस लागला. पहिल्याच मंगळवारी एक बाई मुलाला चाकाच्या खुर्चीत घेऊन सरळ आत आल्या. मी सवयीने प्रमाणपत्रासाठी हात पुढे केला, आणि तो मागे घेऊन आधी त्यांना पाणी दिले.